काशीच्या धुक्यात सोलरचा ट्रेलर

परत येऊन महिना झाला, तरी कंबर अजून ठणकते आहे. लिहायला बसायचा खरंच कंटाळा आला होता. पण ट्रेलरवाल्यांच्या ग्रुपवर मंडळी रोज विचारतात, कोल्हापूरहून काशीला ट्रेलर ओढत गेलात, सोलरवर राहिलात, कसं जमलं ते लिहा की. तर लिहितो. जमलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कुणाला असा ट्रेलर बांधायचा असेल, सोलरवर भरवसा टाकून उत्तरेला जायचं असेल, त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचावं.

आधी आम्ही कोण ते सांगतो. मी दत्ता, चौतीस वर्षं वीज खात्यात वायरमन होतो. रिटायर झाल्यावर शिरोलीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याच्या डोक्यावर चार महिने बसून हा ट्रेलर बांधून घेतला. जीपच्या मागं जोडायचा. आत समोरासमोर दोन बाक, त्यावर गाद्या टाकल्या की झोपायची सोय. एक शेगडी, छोटा फ्रीज, आणि बाकाखालच्या पेटीत दोनशे अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी. ती भरायला दोनशे वॅटची दोन सोलर पॅनेल, घडी घालून मिटतात आणि हँडल धरून नेता येतात. मुद्दामच छतावर पक्की बसवली नाहीत. ट्रेलर झाडाखाली आणि पॅनेल उन्हात, अशी चैन त्यामुळं करता येते. वायरिंगची एकूण एक तार मी माझ्या हातानं ओढली आहे, त्याचा मला भारी अभिमान होता.

आणि अक्का. माझी थोरली बहीण, वय सत्तर. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि ती सतराची. तिनंच मला वाढवलं, आयटीआयला घातलं, स्वतः मात्र लग्न केलं नाही. प्राथमिक शाळेत आयुष्य गेलं तिचं. गेल्या दिवाळीत तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. फुप्फुसं आखडत चालली आहेत, म्हणाले. घरी येताना तिच्याबरोबर ऑक्सिजनचं मशीन आलं, खांद्याला अडकवता येईल एवढं. ते हवेतून ऑक्सिजन गोळा करून नळीनं नाकात सोडतं. त्यावर एक ते पाच नंबर असतात. अक्काला तीन नंबर लावून दिला होता, आणि त्याच्या खाली आणायचा नाही असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. दिवसाचे चौदा-पंधरा तास ते लावावं लागतं.

आमचं गाव प्रयाग चिखली, तिथून पुढं नदीला पंचगंगा म्हणतात. काशीतही पंचगंगा नावाचा घाट आहे. आई म्हणायची, आपल्या पंचगंगेचं पाणी एकदा त्या पंचगंगेत ओतून यायला पाहिजे. आईला जमलं नाही, अक्काच्या डोक्यात ते पन्नास वर्षं राहिलं. दवाखान्यातून आल्यावर तिनं तेवढं एकच मागितलं. डॉक्टर म्हणाले, जायचं तर सहा आठवड्यांनी जा, पुढच्या वर्षाचं मी काही सांगू शकत नाही. ते ऐकून मी दवाखान्याच्या जिन्यातच ठरवलं.

म्हणून जानेवारी. माझी बायको मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्यात होती, तेव्हा आम्ही दोघंच. रेल्वे, लॉज, लॉजचे जिने, गेलेली लाइट, या सगळ्यापेक्षा वीजच सोबत न्यावी असा माझा विचार. मशीनला दिवसाला बॅटरीचा तिसरा हिस्सा लागतो. दोन्ही पॅनेल मिळून कोल्हापुरात त्याच्या दुप्पट देतात. शिवाय पॅनेल गार असलं की जास्त वीज देतं, हे खरंच आहे. तर थंडीसारखा मोसम नाही, असं मी चार लोकांना छाती ठोकून सांगितलं. आपल्याकडं जानेवारीत आभाळात ढगाचा ठिपका नसतो. थंडी म्हणजे ऊन, हे आपल्या हाडीमाशी इतकं भिनलेलं आहे की, दुसरीकडं ते वेगळं असेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

जाताना रत्नागिरी-नागपूर रस्ता धरला. सांगली, सोलापूर करत पहिला मुक्काम तुळजापूरच्या अलीकडं. रस्ता उत्तम आहे, पण ट्रेलर असेल तर पंचावन्नच्या वर जाऊ नका. त्यापुढं तो मागून हलायला लागतो आणि तुमचे खांदे संध्याकाळपर्यंत दगड होतात. जीप एरवी चौदाचं अॅव्हरेज देते, ट्रेलर लावल्यावर नऊ. काही टोलनाक्यांवर ट्रेलरचे जादा पैसे घेतात, काही ठिकाणी नुसतं बघत राहतात. ट्रेलरचे आरटीओचे कागद वर हाताशी ठेवा, दर दीडशे किलोमीटरला कुणीतरी मागतंच. ढाब्यावर थाळी शंभर ते दीडशेच्या घरात मिळते. अक्काला तिखट चालत नाही, ती दहीभातावर होती.

दुपारी दोन तास थांबायचं, दक्षिणेकडं तोंड करून पॅनेल मांडायची, फडक्यानं धूळ पुसायची. नांदेड, वर्धा, सगळीकडं झकास ऊन. चालत्या जीपमध्ये मशीन जीपच्याच सॉकेटवर चालायचं, आणि ट्रेलरची बॅटरी रोज नव्वद टक्क्यांच्या वर. सिवनीच्या पुढं एका ढाब्यावर आम्ही जेवत होतो, तेवढ्यात मोबाइलवर दिसणारे पॅनेलचे वॅट तीनशेवरून एकदम नव्वदवर आले. जाऊन बघतो तर एका ट्रक ड्रायव्हरनं आपला ओला शर्ट पॅनेलवर पसरलेला. "गरम है, जल्दी सूख जाएगा," एवढंच त्याचं म्हणणं. मी त्याला समजावून सांगितलं की कोपऱ्यावर सावली पडली तरी अख्खं पॅनेल बसतं. त्यानं मान डोलावली, शर्ट काढला आणि जीपच्या आरशावर टाकला. अक्का हसता हसता खोकली. त्या हसण्यासाठीसुद्धा प्रवास वसूल झाला, असं मला तेव्हा वाटलं होतं.

जबलपूर, रीवा, मग हनुमनाचा घाट उतरून मिर्झापूर. घाटाच्या खाली पोचलो आणि समोरचा ट्रक दिसेना. सकाळचे अकरा वाजलेले. मला वाटलं तासाभरात निवळेल. वायपर लावून, खिडकीतून डोकं बाहेर काढून, वीसच्या वेगानं आम्ही शेवटचे शंभरेक किलोमीटर काढले. अक्का मैलाचे दगड वाचून दाखवत होती, नंतर तेही तिला दिसेनात. सहाव्या दिवशी चार वाजता वाराणसीत शिवपूरला पोचलो, तेव्हा मला स्टिअरिंगवरून बोटं सोडवून घ्यावी लागली.

उतरलो गजाननरावांकडं. माझ्या खात्यातल्या एका मित्राचे ते साडू. रेल्वेत क्लार्क होते. घराणं सात पिढ्या काशीत, आधी दुर्गाघाटाजवळ राहायचे, पायऱ्या झेपेनात म्हणून शिवपूरला बैठं घर बांधलं. घराला कंपाउंड आहे, त्यात ट्रेलर मावला. गल्लीबोळांच्या जुन्या गावात ट्रेलर सोडाच, रिक्षाही पोचत नाही, तेव्हा मुक्काम शहराच्या कडेलाच ठरवा. गजाननराव आणि त्यांच्या पत्नी सुधावहिनी घरात मराठीच बोलतात, पण त्यात हिंदी साखरेसारखी विरघळलेली. वहिनींनी अक्काला बघताक्षणी सांगितलं, तुम्ही आराम करा, मी अदरक टाकून चहा बनवून आणते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पॅनेल मांडली. पॅनेलची वीज बॅटरीत सोडणाऱ्या कंट्रोलरवर आकडे बघितले, तर दोन्ही मिळून अठरा वॅट. चारशेच्या जागी अठरा. मी वायर तपासल्या, पिना काढून घातल्या, पॅनेल पुसली, ती पुन्हा ओली झाली. गजाननराव कानटोपी घालून शांतपणे बघत उभे होते. मग म्हणाले, "दत्ताभाऊ, आता हप्ताभर धूप निघायची नाही. इथं असंच असतं." आणि आत जाऊन एक लांब एक्स्टेंशन बोर्ड घेऊन आले. भिंतीवरून टाकून देतो, म्हणाले, अक्कांचं मशीन आमच्या लाइनवर लावा. वहिनींनी तर आतली खोलीच देऊ केली.

मी नको म्हणालो.

का, ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. चौतीस वर्षं मी खांबांवरचे चोरीचे आकडे काढले. दुसऱ्याच्या लाइनवर टाकलेली तार दिसली की ओढून काढायची, तेच माझं काम. लोक हातापाया पडायचे, शिव्या द्यायचे, मी काढायचो. भिंतीवरून येणारी वायर माझ्या डोळ्यांना खुपते. इथं घरमालक स्वतः देत होता, यात चोरी नव्हती, हे काय मला कळत नव्हतं? पण आपल्याकडं आणखी एक खोड असते. कुणी काही देऊ केलं की तोंडातून आधी नको, आहे आमच्याकडं, पुरतंय, असं निघतं. भूक लागली असली तरी आपण जेवून आलोय म्हणतो. त्यात मी सोलरचा ट्रेलर बांधणारा. सतराशे किलोमीटर वीज सोबत घेऊन आलो आणि इथं कुणाच्या तरी बोर्डात पिन घालू? मी म्हणालो, बॅटरी ऐंशी टक्के आहे, सहज पुरेल. अक्कानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि वहिनींना म्हणाली, "राहू दे वहिनी, आमचं इथं बरं आहे." गजाननरावांनी बोर्ड दाराजवळच्या खुंटीला टांगला.

आता घाटाचं सांगतो. पंचगंगेला दोन वाटा आहेत. एक मैदागिनपर्यंत ई-रिक्षा आणि तिथून गल्ल्यांतून चालत, विचारत विचारत अर्धा तास, शेवटी आलमगीर मशिदीखालून उभ्या पायऱ्या. धडधाकट माणसाचीही गुडघ्यांची परीक्षा होते. दुसरी वाट राजघाटाच्या बाजूची. तिथं गाडी जवळजवळ पाण्यापर्यंत जाते, नावेत बसायचं आणि पंचगंगेच्या खालच्या पायरीला लागायचं. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणार असाल तर हीच वाट धरा. अक्कासाठी मी हीच ठरवली होती. चौकशीला एकटा गेलो, तर सगळ्या नावा बांधलेल्या. नाववाला म्हणाला, कोहरा छँटे तब आइए, सामनेवाली नाव नहीं दिखती. नदीच दिसत नव्हती, तर नाव कुठली दिसणार. तसाच चालत दशाश्वमेधापर्यंत गेलो, पाय मोडून घेतले, कचोरी-जिलेबी खाल्ली. मलइयो नावाचा दुधाचा फेस इथं फक्त थंडीत मिळतो, मातीच्या कुल्हडात, केशर घातलेला, सकाळी दहा-अकराच्या आत संपतो. अक्कासाठी झाकून आणला, शिवपूरला येईपर्यंत सगळा बसला. तिनं दूध म्हणून प्यायला आणि छान आहे म्हणाली.

दुसरा दिवस तसाच. अठराचे बावीस वॅट झाले, म्हणून मला काय आनंद. फ्रीज बंद केला, तसाही बाहेरच फ्रीज होता. दिवा बंद, मोबाइलचं चार्जिंग बंद. जीप चालू करून तासभर बॅटरी भरून घ्यावी म्हटलं, तर धुक्यानं धूर जमिनीलाच धरून ठेवला, तो ट्रेलरमध्ये शिरला आणि अक्काला खोकल्याची उबळ आली. पाणी द्यायला धावलो, जीप बंद केली, पुन्हा चालू केली नाही. गजाननराव ओट्यावरून बघत होते. बोर्ड खुंटीला होताच.

पण एक गंमत झाली. म्हणजे मला तेव्हा गंमत वाटली. हिशोबानं तिसऱ्या सकाळी बॅटरी पंधरा-सोळा टक्क्यांवर यायला हवी होती. बघतो तर चव्वेचाळीस. मी दोनदा बघितलं. मनात म्हटलं, याला म्हणतात वायरिंग. कुठं गळती नाही, कुठं गरम होत नाही, वीज जपून वापरली की असं होतं. मीटरचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. तीन दिवस ऊन नाही, तरी बॅटरी चव्वेचाळीस टक्के, नाद करायचा नाही. पन्नासेक अंगठे आले. तुमच्यातल्या काहींनीही दिले असतील. तो फोटो मी नंतर काढून टाकला.

अक्का त्या दिवशी फार झोपत होती. थंडी आहे, प्रवासाचा शीण आहे, मलाही उठवत नव्हतं, म्हणून मी मनावर घेतलं नाही. दुपारी सुधावहिनी वाटीत चूडा-मटर घेऊन आल्या. मटार घालून केलेले ओले पोहे, तिकडं थंडीत घरोघर करतात. मी जीपचं टायर बघत होतो. वहिनी ट्रेलरमधून बाहेर आल्या त्या वाटी तशीच हातात घेऊन, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दत्ताभाऊ, अक्कांची नखं बघा जरा. निळी दिसतात."

मी आत गेलो. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर लावलं. एक्याऐंशी. घरी ब्याण्णव असायचं. मशीन चालू होतं, नळी नाकात होती. मी मशीन वळवून बघितलं. नंबर एक.

मला आधी वाटलं, चुकून बोट लागलं असेल. म्हणून विचारलं, अक्का, हे एकवर कुणी आणलं?

"मीच," ती म्हणाली. एकेक शब्द बोलायला तिला थांबावं लागत होतं. "पहिल्याच दिवशी. तुझी बॅटरी संपत होती."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तुला वायर घ्यावी लागली असती. तुला आवडत नाही ना."

दिवसरात्र ती एक नंबरवर श्वास घेत होती, आणि मी बाहेर मीटरचे फोटो काढत होतो. मला तोंडात मारल्यासारखं झालं. रडू आलं, पण त्याला वेळ नव्हता. नंबर तीनवर केला आणि दारात जाऊन म्हणालो, "गजाननराव, वायर द्या." त्यांनी खुंटीवरचा बोर्ड काढून माझ्या हातात दिला. भिंतीवरून वायर मीच घेतली, मीच पिन घातली. तासाभरात आकडा अठ्ठ्याऐंशीवर आला. मग आम्ही दोघांनी धरून अक्काला घरात नेलं, वहिनींच्या आतल्या खोलीत, जी त्यांनी पहिल्याच दिवशी झाडून ठेवली होती.

गजाननरावांच्या ओळखीचे डॉक्टर येऊन बघून गेले. चांगला माणूस, पण स्पष्ट. छातीवर ताण आला आहे, तीन दिवस खोलीच्या बाहेर नाही, घाट तर नाहीच. धुकं निवळलं तरी नाही. ही हवा यांना सोसणार नाही, आणि आता पुन्हा असा प्रवासही काढू नका. अक्कानं सगळं ऐकून घेतलं. डॉक्टर गेल्यावर मला म्हणाली, पाणी तू ओतून ये.

म्हणून पाचव्या दिवशी मी एकटा गेलो. नावा अजून बंदच, तेव्हा गल्ल्यांच्या वाटेनं. खिशात घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, त्यात चिखलीचं पाणी. पंचगंगेच्या पायऱ्या उतरताना धुक्यात पुढची पायरी तेवढी दिसायची. खाली एक म्हातारे गुरुजी शाल पांघरून बसले होते. माझ्या टोपीवरून ओळखलं असावं, मराठीत विचारलं, कुठून आलात. मी सांगितलं. संकल्प कुणाच्या नावानं, म्हणाले. मी म्हटलं, इंदुमती. आहेत का त्या, असं त्यांनी जपून विचारलं. मी म्हटलं, आहे, शिवपूरला आहे, तिला येता आलं नाही. त्यापुढं माझ्या तोंडून सगळंच बाहेर पडलं, मशीन, बॅटरी, नंबर, सगळं. त्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ओता सावकाश, पायरी निसरडी आहे.

परत आलो तेव्हा अक्का उशीला टेकून बसली होती, वहिनी तिचे केस विंचरत होत्या. कसं होतं पाणी, तिनं विचारलं. थाप मारायचं मनात आलं होतं, पण मारली नाही.

"काही दिसलं नाही गं. ओतल्याचा आवाज तेवढा आला."

"मग झालं की," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

आम्ही नवव्या दिवशी निघालो, आणि त्याच दिवशी ऊन पडलं. लख्ख. कंपाउंडच्या भिंतीवर, बागेतल्या तुळशीवर, सगळीकडं. गजाननराव म्हणाले, बघा, तुम्ही निघालात आणि धूप निघाली. पॅनेल घडी घालून बांधलेली होती. मी उघडली नाहीत. अक्कानं निघताना वहिनींचा हात बराच वेळ धरून ठेवला.

परतीचं फार लिहीत नाही. पाच मुक्काम केले, आणि पाचही ठिकाणी आधी उतरून कुणाला तरी विचारलं, भाऊ, एक वायर मिळेल का, बहिणीचं मशीन आहे. एकानंही नाही म्हटलं नाही. सिवनीच्या ढाब्यावर तर बाईंनी तंदूरशेजारच्या पंख्याची पिन काढून आमची घातली, वर चहाचे पैसे घेतले नाहीत. इतकं सोपं होतं ते. दिवसा पॅनेलही मांडत होतो, बॅटरी शंभर टक्के भरून यायची, आणि मला तिच्याकडं बघवत नव्हतं.

आता जाणाऱ्यांसाठी थोडं. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत गंगेच्या पट्ट्यात सोलरवर विसंबू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीनंतर जा. घरच्या लाइटवर बॅटरी भरायचा चार्जर सोबत ठेवा. मी वजन नको म्हणून कोल्हापुरातच ठेवला होता. पन्नास फुटी एक्स्टेंशन बोर्ड ठेवा, चांगल्या जाडीच्या वायरचा. आणि कुणी वायर देऊ केली तर घ्या. पॅनेल, बॅटरी, कंट्रोलर यांतलं मला विचारा, सगळं सांगेन. पण हे शेवटचं मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

अक्का घरी आहे. आता मशीन दिवसरात्र लागतं. अंगणात खुर्ची टाकून बसते, शेजारच्या पोरांचे पाढे घेते, दमली की थांबते. लाइट गेली तर अडू नये म्हणून शेजारच्या पाटलांच्या इन्व्हर्टरवरून एक वायर आणली आहे. मी स्वतः जाऊन मागितली. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीवरून येते, क्लिपा मारून नीट बसवली आहे. रस्त्यानं जाणाऱ्या खात्यातल्या जुन्या सोबत्यानं थांबून विचारलं, काय दत्तोबा, तुमच्याकडंसुद्धा? मी म्हटलं, माझ्याकडंसुद्धा.

तिला मी अजून एक गोष्ट बोललेलो नाही. शिवपूरला ते डॉक्टर निघताना मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो होतो. मी विचारलं, ते तीन दिवस ती तीन नंबरवर राहिली असती तर? ते म्हणाले, तर धुकं निवळल्यावर तुम्ही तिला खुर्चीत बसवून घाटावर नेऊ शकला असता. जो श्वास ती पन्नास वर्षं त्या पायऱ्यांसाठी राखून होती, तो तिनं माझ्या बॅटरीवर घालवला.

रोज संध्याकाळी मी तिच्या मशीनवरचा नंबर बघतो. ती म्हणते, अरे, आहे तीनवर. असतोही. तरी मी वाकून बघतो.